सांध्यातल्या फटी भरायचं सामान, भद्रकालीतलं दुकान आणि माझं मत

तयार वुड फिलरचा डबा घ्यायच्या आधी हे वाचा, निदान पैसे तरी वाचतील. नाशिकच्या भद्रकालीत आत गल्लीत एक जुनं रंगाचं दुकान आहे, शेठला न विचारता नाव टाकणं बरं नाही म्हणून टाकत नाही, तिथून चपडा (लाखेच्या पापड्या), खडू पावडर आणि सुटे रंग आणले, एका मोठ्या कंपनीचा तयार फिलर आणला, ऑनलाइन मेणकांड्यांचा सेट मागवला, आणि फेविकॉल, फेविक्विक, अराल्डाइट तर घरात असतातच. हे सगळं जुन्या सागाच्या तुकड्यांवर लावून बघितलं. तुकड्यांचे सांधे मुद्दाम ढिले कापले म्हणजे फटी पाहिजे तशा मिळतात. आणि नुसतं भरून थांबलो नाही, घासून, पॉलिश मारून, मग खिडकीच्या उजेडात तिरकं धरून बघितलं, कारण फिलरची खरी परीक्षा पॉलिशनंतरच होते, त्याआधी सगळेच गुणी दिसतात.

निकाल आधीच सांगून टाकतो. बारीक फट असेल तर घरी कालवलेला चपडा आणि भुसा (करवतीचा नाही, पेपरने घासून काढलेली बारीक पूड), त्याहून मोठी असेल तर लाकडाचीच पट्टी, तयार डबा फक्त वरून रंग मारणार असाल तर, आणि मेणकांड्या पॉलिशच्या आधी अजिबात नाही. कारणं खाली, जरा लांबलंय.

पहिलं म्हणजे प्रत्येक फट भरायची नसते हे डोक्यात पक्कं पाहिजे. कपाटाच्या दाराच्या चौकटीत जी फळी खाचेत नुसती बसवलेली असते ना, तिच्या कडेला दिसणारी फट ही चूक नाही, ती फळीला हलायला सोडलेली जागा आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा ठणठणीत कोरडी, आणि जुलैत त्र्यंबक-इगतपुरीकडून पावसाची झड लागली की कपाटातल्या कपड्यांना वास यायला लागतो, या दोन टोकांमध्ये लाकूड दरवर्षी फुगतं आणि आक्रसतं. साग त्यातल्या त्यात शहाणा म्हणायचा, तरी ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत तो वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने साधारण ५.८ टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे अशा दिशेने साधारण २.५ टक्के आक्रसतो. घरातल्या ऋतूंमध्ये यातला थोडासाच भाग होतो पण फूटभर रुंद फळीत तोही डोळ्याला दिसतो. अशा जागी फिलर कोंबला तर उन्हाळ्यात तो सुटून पडणार, नाहीतर पावसाळ्यात फळी चौकटीलाच बाहेर ढकलणार. म्हणजे भरून उलट काम वाढवून ठेवलं.

दुसरं, सांधा हलतोय का बघा. दोन्ही हातांनी पिळून बघा, जरा जरी कुरकुरला तर फिलर बिलर सोडा, सांधा उघडा आणि पुन्हा चिकटवा. हलत्या दातात चांदी भरून काय होणार. फिलरने फट झाकली जाते, सांध्याला ताकद येत नाही, याला अपवाद फक्त इपॉक्सीचा, म्हणजे अराल्डाइटसारख्या दोन नळ्यांतून मिसळायच्या ग्लूचा, त्याचं पुढे येईल.

आणि तिसरं, फट किती आहे ते मोजा, त्यासाठी महागाचं फीलर गेज (फट मोजायच्या पात्यांचा सेट) घ्यायची गरज नाही. दाढीचं साधं ब्लेड साधारण ०.१ मिलीमीटर जाड असतं आणि एटीएम कार्ड ०.७६. ब्लेडसुद्धा जात नसेल तर ती फट पॉलिशच गिळून टाकेल, सोडून द्या. ब्लेड जातंय पण कार्ड जात नाही, ही चपडा-भुशाची हद्द. कार्ड आरामात जातंय म्हणजे लाकूड भरायचं, उगाच डबे उघडायचे नाहीत. मी सगळं सामान याच तीन मापांवर तपासलं.

आता फेविकॉल आणि भुसा. हा आपल्याकडचा राष्ट्रीय उपाय आहे, कुठल्याही साइटवर जा, मिस्त्री करवतीखालचा मूठभर भुसा घेतो, त्यात पांढरा ग्लू ओततो, बोटाने कालवतो आणि फटीत दाबतो. प्लायच्या कामात, वरून सनमायका येणार असेल तर ठीकच आहे, कोण बघतंय. पण सागावर वरून पारदर्शक पॉलिश असेल तर हा उपाय हमखास दिसतो, म्हंजे दिसतोच. एक तर करवतीचा भुसा जाड, त्यात ग्लूच जास्त भरतो. दुसरं म्हणजे सुकलेला ग्लू पॉलिश किंवा स्टेन (लाकडात मुरणारा रंग) पीत नाही, त्यामुळे आजूबाजूचं लाकूड रंग पिऊन गडद होतं आणि भरलेली रेघ आपली वेगळीच राहते, स्टेन मारला तर फिकी आणि नुसतं क्लिअर मारलं तर काळपट. तिसरं, ग्लूमधलं पाणी उडालं की माल खाली बसतो, संध्याकाळी लेव्हल केलेली फट सकाळी खड्डा झालेली असते. यात फेविकॉलचा दोष नाही, कुठलाही पांढरा ग्लू असाच वागणार, तो चिकटवायला बनवलाय, भरायला नाही.

पण याच ग्लूची एक पद्धत मला फार आवडली, ती मात्र नीट करायला लागते. फट अगदी बारीक असेल तर बोटाने थोडासा ग्लू फटीत चोळायचा, वरचा ओल्या फडक्याने जवळपास सगळा पुसायचा, आणि तो ओला असतानाच ठोकळ्याला १८० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून तिथेच घासायचं. घासताना उडणारी त्याच लाकडाची अगदी बारीक पूड थेट फटीत जाऊन बसते. इथे ग्लू कमी आणि लाकूड जास्त, म्हणून रेघ जवळजवळ गायब होते. डव्हटेलच्या, म्हणजे एकमेकांत दात अडकवलेल्या सांध्यांच्या, कोपऱ्यांना एकदम बेस्ट. फक्त रेषांच्या दिशेनेच घासायचं आणि सुकल्यावर आजूबाजूचा ग्लूचा पातळ थर परत घासून काढायचा, नाहीतर स्टेन मारल्यावर तिथे फिकट ढग उमटतो.

हा ढग अगोदर पकडायचा असेल तर पॉलिशच्या आधी पूर्ण पीस थिनरच्या फडक्याने एकदा पुसा, जिथे ग्लू राहिलाय तिथे लाकूड गडद होत नाही, लगेच कळतं, पेन्सिलने खूण करा आणि स्क्रेपर फिरवा. नाशिककरांसाठी अजून एक, डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्रीचं तापमान १० डिग्रीच्या खाली उतरतं, पांढरा ग्लू म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक कण, ते फार थंडीत एकमेकांत नीट मिसळत नाहीत आणि सुकलेला थर पांढरट भुसभुशीत होतो. थंडीत ग्लूचं काम सकाळी अकरानंतर, उन्हाच्या खोलीत करा, रात्री गॅलरीत क्लॅम्प लावून झोपून जाऊ नका.

तयार फिलर. डब्यावर सागाचा फोटो आणि 'टीक' असं लिहिलेलं, पाण्याचा बेस, वास नाही, बोटाला लागला तर नळाखाली जातो, वापरायला एवढी सोपी वस्तू दुसरी नाही हे मान्य. पण शेड! साग कधी असा गुलाबीसर नारिंगी असतो का हो? फॅक्टरीत कुणीतरी एक साग पकडून त्याचा रंग काढला आणि सगळ्या देशाला तोच वाटला असं वाटतं. खरा साग ताजा रंधला की हिरवट पिवळट, कुठे चट्ट्यापट्ट्यांचा, आणि उजेडात राहून हळूहळू सोनेरी तपकिरी होतो. म्हणजे आज जुळलेली शेड सहा महिन्यांनी जुळलेली राहीलच असं नाही, लाकूड पुढे जातं आणि फिलर तिथेच बसून राहतो. शिवाय डब्यातला माल इतका गुळगुळीत की त्यावर ना रेषा ना छिद्रं, सागाची छिद्रं उघड्या डोळ्यांनी दिसतात, त्यांच्या मधोमध हा सपाट पट्टा म्हणजे बँडेड लावल्यागत. कार्डाच्या फटीत एका हातात भरून झालं नाही, सुकून बसला, परत भरायला लागला.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे भरताना जो फटीच्या बाजूला पसरतो तो छिद्रांमध्ये जाऊन बसतो, घासूनही निघत नाही. त्यावर उपाय म्हणजे फटीच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावायची आणि मग भरायचं, हे कुठलाही फिलर वापरताना करा, दोन मिनिटांचं काम आहे. रंगाच्या कामाला मात्र या डब्याला मी पूर्ण मार्क देईन. पांढरा किंवा रंगीत पीयू (पॉलीयुरेथेन), इनॅमल, ड्युको काही मारायचं असेल तर शेडचा प्रश्नच उरत नाही, घासायला मऊ आहे, बसतो छान. तिथे आपली नेहमीची एनसीची लांबी, म्हणजे पुट्टीसुद्धा चालते, तीही पातळ पातळ हातांनीच भरायची, एकदम जाड भरली की आतून ओली राहते आणि नंतर खचते. पण लांबी पारदर्शक पॉलिशखाली कधीच नाही.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहायला घेतलं तो चपडा. चपडा म्हणजे लाख साफ करून केलेल्या पातळ पापड्या, आपलं जुनं फ्रेंच पॉलिश ज्याचं होतं तोच. लाख ही किड्यांची देणगी, पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर हे किडे बसतात आणि राळेसारखा थर करतात, देशात सगळ्यात जास्त लाख झारखंडात होते. पळस तर आपल्या पेठ-सुरगाण्याकडे डोंगरात भरपूर आहे, मार्चमध्ये त्या रस्त्याने गेलात तर दिसेलच, असो.

कृती अशी. काचेच्या बाटलीत १०० मिली पॉलिशचं स्पिरिट, त्यात साधारण २५ ग्रॅम चपडा, झाकण लावून रात्रभर, मधेमधे हलवायचं. दुसरीकडे ज्या लाकडाचं काम चाललंय त्याच लाकडाच्या तुकड्याला १८० नाहीतर २२० च्या पेपरने घासून पूड जमवायची, शक्यतो तुकड्याच्या टोकाची, म्हणजे जिथे रेषा कापलेल्या दिसतात तिथली, ती पूड जास्त बारीक पडते. करवतीखालचा भुसा चालत नाही, चाळला तरी नाही. ऑर्बिटल सँडर असेल तर त्याच्या पिशवीत आयती मिळते, फक्त पिशवीत आधीचं दुसरं लाकूड नको, सागात बाभळीची पूड मिसळली की गेलं. मास्क लावा, सागाची पूड नाकाला आणि काही जणांच्या कातडीलाही चांगलीच झोंबते.

मग काचेच्या तुकड्यावर किंवा टाइलवर पूड घेऊन त्यात थेंब थेंब चपडा टाकत पट्टीने घोटायचं, श्रीखंडापेक्षा जरा घट्ट झालं की थांबायचं आणि पटकन भरायचं कारण स्पिरिट लगेच उडतं. याचाच फायदा, पाव-अर्ध्या तासात बारीक फट घासायला तयार, ग्लूसारखी रात्र घालवायला लागत नाही. फटीच्या थोडं वर राहील असं भरायचं आणि ठोकळ्यावर पेपर धरूनच घासायचं, नुसत्या बोटाने घासलं तर मऊ लाकूड खाली जातं आणि भरलेली जागा उंच राहते, पॉलिशनंतर बोट फिरवलं की कळतं.

शेड जुळवायला शेठकडचे सुटे रंग. पिवडी (पिवळी), काव (तांबडी), बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि काळा, एवढ्या चार पुड्या घेतल्या तर साग, शिसव, बाभूळ, जांभूळ सगळं होतं. सागाला आधी पिवडी, मग चिमूटभर अंबर. काव अगदी टोकावर, ती जरा जास्त झाली की तोच गुलाबी डबा परत. रंग जुळवताना कोरड्या लाकडाशी जुळवू नका, लाकूड स्पिरिटने ओलं करा, त्या ओल्या रंगाशी जुळवा, कारण पॉलिशखाली लाकूड तसंच दिसणार असतं. आणि दोन शेडमध्ये अडकलात तर गडद घ्या. गडद रेघ लाकडाची नैसर्गिक रेषा म्हणून खपून जाते, फिकी रेघ ओरडून सांगते की इथे भरलंय. माझ्या तुकड्यांमध्ये ब्लेडाच्या फटीला हा माल असा बसला की घरच्यांना सांधा कुठे ते बोट ठेवून दाखवायला लागलं.

खडू पावडरचं काय, तर ती मुळात पॉलिशवाले सागाची छिद्रं भरायला वापरतात, खडू पावडर आणि सुटा रंग कालवून सगळ्या पृष्ठभागावर चोळायचा आणि पुसून काढायचा. फटीत थोडी मिसळली तर माल बसत कमी, पण जास्त मिसळली तर पॉलिशखाली धुरकट दिसते. दहाला एक, बास.

एक भानगड मात्र आहे. आपल्या बाजारातल्या साध्या चपड्यात मेण असतं, नैसर्गिकच, साधारण ४-५ टक्के. वरून परत चपड्याचंच पॉलिश मारणार असाल तर काही फरक पडत नाही, पण पीयू मारणार असाल, आणि त्यातही पाण्याचा पीयू, तर या मेणावर त्याची पकड नीट बसत नाही. उपाय फुकट आहे, बाटली चार-सहा दिवस न हलवता ठेवा, मेण तळाला ढगासारखं साचतं, वरचं स्वच्छ लालसर द्रावण ड्रॉपरने किंवा सिरिंजने अलगद काढून दुसऱ्या बाटलीत भरा, तेच वापरा. आणि विरघळवलेला चपडा वर्षभर ठेवू नका, जुना झाला की सुकतच नाही, चिकट राहतो. बाटलीवर तारीख टाका, पाच-सहा महिन्यांत संपवा. कोरड्या पापड्या जास्त टिकतात म्हणून थोडं थोडंच करायचं.

फेविक्विक वगैरे पातळ सुपरग्लू. घाईच्या माणसाचं औषध. फटीत पूड दाबायची, वरून एक थेंब, झालं, दगड. बारीक चिरेला आणि उडालेल्या कपच्यांना याच्यासारखं दुसरं नाही. पण तो आजूबाजूच्या लाकडात झिरपतो आणि तेलकट काळा डाग पाडतो जो पॉलिशखाली आणखी उठून दिसतो, त्यामुळे आधी फटीच्या बाजूंना पातळ चपड्याचा हात मारून सुकू द्यायचा, मग थेंब. सुकल्यावर लाकडापेक्षा कडक होतो म्हणून घासताना आजूबाजूचं लाकूड खाली जातं. वाफ डोळ्यांना झोंबते, खिडकी उघडी ठेवा, आणि सुती फडक्याने पुसू नका, सुतावर हा ग्लू पडला की चांगलाच तापतो, चटका बसेल इतका. मी याला मधल्या नंबरवर ठेवतो.

इपॉक्सी म्हणजे अराल्डाइट किंवा तसलं दुसरं काही. सांधा सैल आहे, उघडता येत नाही आणि ताकदही पाहिजे, उदाहरणार्थ खुर्चीच्या पायाचा मॉर्टिस-टेनन (खाचेत जीभ बसवलेला सांधा), तिथे हेच. पाणी उडायचा प्रश्न नसल्यामुळे आक्रसत जवळजवळ नाही, फट भरूनही पकड राहते. हळू सेट होणारं घ्या, पाच मिनिटांवालं घाईत ठीक आहे पण ताकद कमी. दोन्ही नळ्यांतलं सारखं घ्यायचं, अंदाजपंचे नाही, नाहीतर वर्षभर चिकट. पूड मिसळली की रंग अपेक्षेपेक्षा बराच गडद होतो, शिसवीला आणि गाठींच्या खड्ड्यांना छान, फिकट लाकडाला नाही. सागाला तेल असतं म्हणून आधी थिनरने आतून पुसून कोरडं करायचं, हे ग्लूलाही लागू. एम-सील पण इपॉक्सीच, पण ती कणकेसारखी मळून लावायची पुट्टी, पॉलिशखाली लपत नाही, रंगाखालीच वापरा.

मेणकांड्या. सेट दिसायला फार गोड, खोक्यात रंगीत कांड्या ओळीने. वस्तू वाईट नाही, वेळ चुकीची. पॉलिशच्या आधी मेण भरलं की त्यावर काहीच टिकत नाही, पॉलिश तिथून फाटल्यासारखं मागे सरकतं, आणि मेण छिद्रांत गेलं की काढता काढता नाकी नऊ. पॉलिश पूर्ण वाळल्यावर राहिलेल्या टाचणीएवढ्या भोकांना, खिळ्यांच्या डोक्यांना, लेबर लोकांनी फर्निचर चढवताना पाडलेल्या ओरखड्यांना वापरा, तिथे दहापैकी आठ. जेवणाच्या टेबलावर नको, गरम भांडं ठेवलं की संपलं.

आता लाकडाची पट्टी, ज्याला विकतचं काहीच लागत नाही म्हणून कुणी याचा रिव्ह्यू लिहीत नाही. कार्डाएवढी किंवा मोठी फट असेल तर दुसरा विचारच नको. अडचण अशी असते की फट सगळीकडे सारखी नसते, वर रुंद, खाली शून्य, तिच्यात पट्टी बसणार कशी. तर बारीक दातांची करवत घ्यायची आणि सांध्याच्या रेषेतून सरळ कापत जायचं, म्हणजे फट वरपासून खालपर्यंत करवतीच्या जाडीएवढी एकसारखी होते. जीव घाबरतो पहिल्यांदा, चांगला सांधा कापतोय म्हणून, पण बरोबर रेषेवर राहिलात तर काही होत नाही. मग त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यातून त्याच जाडीची पट्टी काढायची, रेषांची दिशा शेजारच्या लाकडासारखी, हे सगळ्यात महत्त्वाचं. आडव्या रेषांची पट्टी उभ्या लाकडात घातली तर ती कुठल्याही फिलरपेक्षा जास्त चमकते, आणि पाऊस आला की वेगळी फुगते.

पट्टी जरा जाड वाटली तर ऐरणीवर, नाहीतर हातोडीच्याच सपाट तोंडावर ठेवून तिची कड हलकेच ठोकून चेपायची, चेपलेलं लाकूड फटीत सहज सरकतं आणि ग्लूमधलं पाणी प्यायलं की परत फुगून घट्ट बसतं. रात्रभर सोडायचं. सकाळी वरचा भाग धारदार पटाशीने तासायचा, शेवटी रंधा किंवा स्क्रेपर, तोडायचा नाही, तोडला तर आतपर्यंत चिरतो. जुन्या वाड्यांच्या तुळया-खांबांचे सांधे बघा, पाचरी ठोकून घट्ट केलेले, आणि आपण डबे उघडतोय.

फोटो फ्रेमच्या ४५ च्या कोपऱ्याला मात्र पट्टीही लागत नाही बऱ्याचदा. ग्लू ओला असतानाच स्क्रू ड्रायव्हरची गोल दांडी कोपऱ्याच्या धारेवर दोन्ही बाजूंनी जोर देऊन फिरवायची, धारेवरचे तंतू दबून फटीवर झुकतात, घासल्यावर कोपरा बंद. खर्च शून्य. आणि फट नाही नुसता दबलेला खड्डा असेल, हातोडी निसटली वगैरे, तर भरूच नका, ओलं फडकं ठेवून गरम इस्त्रीचं टोक टेकवा, वाफेने तंतू परत वर येतात. तंतू तुटले असतील तर मात्र येत नाहीत.

आता दुकानाचं. सगळ्यात मोठा गुण म्हणजे सुटं मिळतं, ५० ग्रॅम चपडा मागितला तरी तोंड वाकडं करत नाहीत, वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून देतात. ऑनलाइन हेच घ्यायला गेलं की अर्धा किलोच्या खाली बात नाही. शेठना मी विचारलं, "काका, सागाला कुठला चपडा?" तर आधी उलट प्रश्न, "वरून काय मारणार?" हा प्रश्न मला मॉलसारख्या चकचकीत हार्डवेअरच्या शोरूममध्ये कुणी कधी विचारला नाही, तिथे पोरगा सरळ डबा हातात देतो आणि बिल काउंटर दाखवतो. पिवडी जास्त घेत होतो तर त्यांनीच हात आखडला, "एवढी काय भिंत रंगवायचीय का." पुडीतले रंग मात्र सगळे एकसारखे बारीक नसतात, काव जरा खरखरीत निघाली, कापडातून चाळून घ्यायला लागली. पुड्यांवर नाव लिहीत नाहीत, घरी आल्यावर अंबर कुठला आणि काव कुठली ते पाण्याचा थेंब टाकून ओळखत बसा, पेन घेऊन जा आणि तिथेच लिहून घ्या. स्पिरिट सुट्या बाटलीत देतात, ते मला पटलं नाही, पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढून घेतं आणि मग चपडा पांढरट पडतो. स्पिरिट दुसरीकडून सीलबंद घ्या.

पार्किंगचं नाव काढू नका. गाडी शालिमारला लावा आणि चालत या, सणासुदीला मेन रोडच्या बाजूने तर शिरूच नका. यूपीआय चालतं पण स्कॅनर गल्ल्याच्या मागे ठेवलाय, मागितला की देतात. दुपारी दोन ते चार शटर अर्धं खाली. दुकानाला पाचपैकी चार, चपडा-भुशाच्या मालाला साडेचार, तयार डब्याला पारदर्शक पॉलिशसाठी दीड आणि रंगाखाली चार, मेणकांड्यांना तीन.

हे काम आता काढणार असाल तर दिवाळीच्या आधीचा ऑक्टोबर बघा, पाऊस गेलेला असतो आणि थंडी यायची असते. भर पावसाळ्यात करायलाच लागणार असेल तर ज्या दिवशी ऊन पडेल त्या दिवशी दुपारी भरा, लाकूड आधी दोन-तीन दिवस घरात आणून ठेवा, आणि जी फट ऑगस्टमध्ये दिसत नाही तिची खूण करून ठेवा, मेमध्ये ती उघडणारच आहे.